बाबांची भाडेकरू

मुलीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा आमच्या बाबांचा नियम. कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी चाळिशीतही राहते, जेवते, दिवसभर लॅपटॉप आणि पंखा चालवते, पण घरखर्चाला एक रुपया द्यायची मला सोय नाही. बाबा खासगी कंपनीतून निवृत्त झालेले. पेन्शन नाही, सगळा कारभार मुदत ठेवींच्या व्याजावर. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचा विषय काढला की उन्हाळ्यात म्हणत, जरा गार होऊ दे. थंडीत म्हणत, जरा ऊन वाढू दे. खरी अडचण हवामानाची नव्हती, ठेव मोडण्याची होती. मी करते खर्च, असं म्हटलं की ते पेपर उघडून बसत. त्यातलं त्यांना काही दिसत नसे, ही गोष्ट वेगळी.

शेवटी मी लबाडी करायचं ठरवलं. एप्रिलमध्ये सकाळच्या चहाला सहज विषय काढला.

"बाबा, मी तुम्हाला भाडं दिलं तर टॅक्स वाचू शकतो. आईवडिलांना दिलेलं भाडं चालतं. फक्त सगळं खरं पाहिजे. करार हवा, पैसे बँकेतून यायला हवेत आणि तुम्ही ते तुमच्या उत्पन्नात दाखवायचे."

"म्हणजे सरकारकडे जाणारे पैसे घरात राहणार?"

"हो."

"मग इतकी वर्षं झोपली होतीस का?"

एवढीच गोष्ट मी सांगितली नाही की मी नवीन कररचना निवडली होती आणि तिच्यात घरभाड्याची सूटच नाही. माझा एक पैसा वाचणार नव्हता. आईला स्वयंपाकघरात खरं सांगितलं, तर ती हसत बसली आणि फोडणी करपली.

पण घरात घरमालक अवतरेल याची मला कल्पना नव्हती. बाबा नारायण पेठेत जाऊन पावतीपुस्तक आणि रेव्हेन्यू स्टॅम्प घेऊन आले. बँकेतून आलेल्या पैशांच्या पावतीवर स्टॅम्प लागत नाही, असं मी म्हटलं. "लागत नसेल. शोभतो," ते म्हणाले. एक तारखेपासून मी ‘तू’ची ‘आपण’ झाले. माझ्या बाथरूमचा नळ गळायला लागला, तर लेखी अर्ज मागितला. मी मुकाट्याने दिला. तीन दिवसांनी उत्तर आलं, "भाडेकरूने नळ आपटून बंद करू नये." मी कॅलेंडर लावायला खिळा ठोकला, त्याचीही नोंद झाली. खरं सांगते, दोनदा तर मला इतका राग आला की वारज्यात फ्लॅट बघायला जाणार होते.

दिवाळी झाली आणि एका सकाळी बाबांनी जाहीर केलं, "भाड्याचे पैसे साठलेत. उजवा डोळा करून घेतो. माझ्या मिळकतीतून." शेवटचे दोन शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला, तर दारावर टकटक झाली. "पाणी!"

जूनमध्ये बाबा स्वतः रिटर्न भरायला बसले. मला म्हणाले, "आपला ऑफिसचा फॉर्म सोळा द्या. आपण दाखवलेलं भाडं आणि मी दाखवलेलं जुळलं पाहिजे." असं कोणी जुळवत नाही हे सांगून मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी कंटाळून प्रिंट काढून दिली. मनात म्हटलं, इतकी बारीक अक्षरं त्यांना कुठली वाचता येणार! वर्षानुवर्षं ते औषधाच्या पाकिटावरची अक्षरं माझ्याकडून वाचून घेत, त्या सवयीत मी होते. ऑपरेशन झालंय, हे मी, ज्या बाईने त्यासाठी एवढं नाटक केलं तीच, साफ विसरले.

बाबा बाल्कनीत बसले. डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने एकेक ओळ वाचत गेले. मधेच थांबले.

"घरभाड्याची सूट शून्य."

मी दोरीवरचे कपडे काढायला लागले.

"नवीन कररचना." कागद खाली आला. "म्हणजे तुझा टॅक्स वाचलाच नाही."

"नाही."

आई दारात येऊन उभी राहिली. आता हा माणूस ठेवी मोडणार, पै न् पै माझ्या खात्यात परत टाकणार आणि दुसऱ्या डोळ्याचं नाव काढू देणार नाही, याची मला खात्री होती. बाबांनी पावतीपुस्तक मागवलं, त्या महिन्याची पावती लिहिली, स्टॅम्प चिकटवून सही केली आणि कागद फाडून माझ्यापुढे धरला.

"डावा डोळा अजून व्हायचाय," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून भाडं वाढेल. आपल्याला परवडत नसेल तर आत्ताच सांगा."