आमच्या मालकांनी दूध नासवलं

माझे मालक फौजेत आचारी होते, हे मला लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर कळलं. तेही त्यांनी सांगितलं म्हणून नाही. पुण्याच्या एका म्हातारीनं माझ्या सोप्यात बसून, माझ्याच हातचा चहा पीत सांगितलं. एरवी मी मालकांचं नाव घेत नाही, आज घेते. आकाराम. राग पोटात मावत नाही, तरी अरे-तुरे काही जिभेवर येत नाही. सवय वाईट.

आमची वाडी म्हसवडच्या पलीकडं माळावर. पूर्वी घरात मेंढरं होती, आता आठ शेळ्या आणि थोडं डाळिंब. माझ्या सासूबाई बयाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, लय लवकर रंडक्या झाल्या. मेंढरांमागं फिरून त्यांनी एकटीनं लेकाला वाढवलं. तो फौजेत लागला तेव्हा साऱ्या वाडीत गूळ वाटला. बंदूक घेतलेला त्याचा फोटो देवाशेजारी लावला. कुणीही भेटो, बाजारात, दळणाच्या रांगेत, आत्याबाईंचं एकच. "माजा आकाराम बर्फात बंदूक घिऊन हुबा ऱ्हातो, म्हणून तुमी निवांत झोपताय." लोक कंटाळायचे. ह्या थांबायच्या नाहीत.

आणि घरातला कायदाही त्यांचाच. बाप्या माणसानं चुलीकडं तोंड करायचं नाही, घराची कळा जाते. त्यामुळं आकाराम रजेवर आले की त्यांना तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी तेच. फक्त एक होतं. हळद कच्ची राहिली तर घास तोंडात जायच्या आधी त्यांना वासावर कळायचं. मला वाटायचं, फौजेत नाक तिखट होत असेल. मला कधी त्यांनी सोबत नेलं नाही. तिकडं लय धोका असतो, म्हणायचे. आता कळतंय कसला धोका.

गेल्या फाल्गुनात दुपारी दारात गाडी थांबली. ड्रायव्हरनं हात धरून एक म्हातारी बाई उतरवली. अंगावर मांस नाही, डोक्याला रुमाल. आकाराम खाटेवरून उठले ते ताठच उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग गेला.

"आकाराम, किती हडकलास रे," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या हातचं खात नाहीस का?"

मी हसले. म्हटलं, उन्हानं म्हातारीला भोवंड आलीय. मग चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान, कर्नलसाहेब, गेल्या वर्षी वारले. पलटणीत अकरा वर्षं दोघं आकारामच्याच हातचं जेवले. मोठमोठे साहेब पार्टीला यायचे ते ह्याच्या हाताच्या चवीसाठी. सोळा वर्षं मी एका आचाऱ्याला वाढत होते, आणि ते भाजीत मीठ कमी आहे म्हणत होते.

बाईंनी पिशवीतून पास्त्याचं पाकीट काढलं. "आजारातून उठले, पण चार महिने जिभेला चव नाही. दोन घास जातात, तेही पाण्याबरोबर. डॉक्टर म्हणतात, खाल्लं नाहीत तर औषधाचा उपयोग नाही. तुझा तो लिंबाचा पास्ता सारखा आठवतो. करशील?"

आकारामनी माझ्याकडं बघितलं. आत्याबाई शेळ्या घेऊन माळावर गेल्या होत्या, दिवस कलल्याशिवाय यायच्या नाहीत. "आईला कळलं न्हाई पायजे," ते हळूच म्हणाले. "ती मरंल गं. बावीस वरसं तिनं मान वर करून काढलीत." एवढंच त्यांना पडलं होतं. माझं काय, हे विचारायचं सुचलंही नाही.

मग त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात शिरले. डबा कुठला ते विचारावं लागलं, बाकी काही नाही. सकाळचं शेळीचं दूध गॅसवर ठेवलं, उकळी आली आणि त्यात सरळ लिंबू पिळलं.

आमच्यात दूध नासवत नाहीत. आपसूक नासलं तरी आत्याबाई ते कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, झाडाच्या बुडाशी ओततात आणि शेळीच्या सडाला हात लावून चुकलं म्हणतात. आणि ह्या माणसानं दोन लिटर दूध हातानं फाडलं, फडक्यात बांधलं आणि खुंटीला टांगलं.

नंतर किसणी घेतली आणि दुसऱ्या लिंबाची नुसती पिवळी साल किसली, पांढऱ्याला धक्का न लावता. बांधावरचा सब्जा आणि परड्यातला पुदिना आणायला मला पिटाळलं. सब्ज्याचं बी पाण्यात घालतात एवढंच मला ठाऊक, पाला खातात हे नवीन. फडक्यातलं घट्ट झालेलं त्यांनी साय घालून इतकं मळलं की लोण्यासारखं झालं. पास्ता उकडला, रोवळीत उपसला, त्यातलं वाटीभर पाणी राखून ठेवलं. गॅस बंद करून सगळं एकत्र केलं, लिंबू पिळलं, पाला हातानं तोडून टाकला. घरभर असा वास सुटला की मला रागातही भूक लागली. लाज वाटली स्वतःची.

तेवढ्यात मागच्या दाराशी घुंगुर वाजलं. एका शेळीच्या पायात काटा मोडला म्हणून आत्याबाई लवकर आल्या होत्या. दारात उभ्या राहिल्या. आधी त्यांनी फडकं बघितलं.

"दूध नासलं व्हय?"

"नासवलं," आकाराम म्हणाले. त्यांच्या हातात पळी होती, ती खाली ठेवायचंही भान नव्हतं.

आत्याबाई लेकाच्या हातांकडं बघत राहिल्या. ते हात काय आजचे शिकलेले नव्हते, ते आंधळ्यालाही कळलं असतं. मी म्हटलं, आता आत्याबाई मटकन खाली बसणार.

आकारामनी ताट सोप्यात नेऊन बाईंना दिलं, मागोमाग आत्याबाईही आल्या. बाईंनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. मग दुसरा, मग तिसरा. पाणी मागितलं नाही. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, तेव्हा बाहेरचा ड्रायव्हरही आत येऊन बघायला लागला.

"मावशी," बाई आत्याबाईंना म्हणाल्या, "ह्याच्या हाताला तुमचंच वळण असणार."

"ह्यो तुमच्यात काय काम करायचा?"

"स्वयंपाक. दुसरं काय?"

बाईंना काय ठाऊक, त्यांनी घरात केवढी ठिणगी टाकली ते. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मलाबी वाढ."

आकारामनी वाढलं. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि सावकाश सगळं खाल्लं. मी त्यांच्या लेकाच्या घरात सोळा वर्षं आहे, पण त्यांना कुणी वाढलंय आणि त्या बसून खातायत, हे मी कधी बघितलं नव्हतं.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या.

आकारामच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आये, तुला लाज वाटंल म्हणून म्या सांगितलं न्हाई. तूच म्हणायचीस, बाप्यानं चुलीकडं..."

"म्हणायची. वाटली असती लाज. चार दीस वाटली असती, मग गेली असती." त्यांचा आवाज चढला नाही. "ह्ये जेवान वाईट झालं असतं तर बरं झालं असतं. म्हणले असते, पोराला काय येत न्हाई."

त्यांनी उजवा हात पुढं केला. त्या हाताचं मनगट वाकडं बसलेलं आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासून.

"ह्ये मोडलं तवा तू म्हैनाभर रजेवर हुतास. घरात आपुन दोघंच. म्या डाव्या हातानं भाकरी थापायची, आन तू पाटावर बसून बघायचास. तवा तुला ह्ये समदं येत हुतं."

आकारामनी हातातली पळी खाली ठेवली.

"आन भाकरी मोडून म्हणलास," आत्याबाई म्हणाल्या, "आये, जरा जाड झालीया."