पाणबुडीचा चौथा अर्थ

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत वेलांटीकाकांचा दरारा होता. खरं नाव हजेरीपटापुरतं. कुणाची पहिली वेलांटी दुसरी झाली की काका खोलीच्या त्या टोकावरून ओळखत, म्हणून हे नाव पडलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. शब्द घ्यायचा, तो कुठे कसा वापरलाय ते जमवायचं आणि पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर अर्थ लिहायचे. चिठ्ठ्या संपादकांकडे जात आणि तिथून हिरव्या शाईतल्या दुरुस्त्यांसह माझ्याकडे येत. मी टंकलेखक होतो.

एकदा त्यांच्या वाट्याला 'पाणबुडी' हा शब्द आला. काका खूश झाले. पाण्याखालून चालणारी युद्धनौका, हा पहिला अर्थ. तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारा छोटा पक्षी, हा दुसरा. विहिरीत सोडलेल्या मोटरीलाही लोक पाणबुडी म्हणतात, हा तिसरा. तो पक्का करायला काका मोटरदुरुस्तीच्या दुकानात तासभर बसून आले होते. पाण्यात उतरणारा माणूस तो पाणबुड्या, त्याची चिठ्ठी वेगळी.

चौथा अर्थ त्यांनी स्वतःच जन्माला घातला.

त्यांच्या समोरच्या टेबलावर सहायक बाई बसायच्या. वयानं काकांच्या मुलीएवढ्या, अबोल. गेले चार महिने त्या रोज अकराला उठायच्या आणि साडेबाराला परत यायच्या. कुठे जाता विचारलं तर "काम होतं" एवढंच. एके दिवशी त्या दाराबाहेर पडतात न पडतात तोच काका म्हणाले, "गेली आमची पाणबुडी. आता कुठे वर येते बघू."

सगळी खोली हसली. मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो, कारण काकांची मर्जी मला हवी होती. आठवड्याभरात शिपायापासून बांधणीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. बाई समोर असल्या तरी कुणी जीभ आवरत नव्हतं. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग काकांनी खरंच चिठ्ठीवर लिहिलं: '४. (बोली, थट्टेने) कामाच्या वेळेत जागेवरून नाहिसा होणारा कर्मचारी.' शब्द वापरात आहे, मग तो कोशात नको का, असं त्यांचं म्हणणं. चिठ्ठी गेली संपादकांकडे.

दोनेक आठवड्यांनी त्यांना एक जुनं पुस्तक हवं झालं. ते तळघरात होतं. जिन्याच्या पायऱ्या त्यांना हल्ली नीट दिसत नसत, म्हणून माझा दंड धरून ते उतरले. खाली कपाटांच्या मधोमध दिवा लागलेला होता. बाई एका टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात सात-आठ पुस्तकं उघडी, काकांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, हातात हिरव्या शाईचं पेन. समोर नेमकी 'पाणबुडी'ची चिठ्ठी होती.

काकांनी ती उचलून दिव्याखाली डोळ्यांजवळ धरली. 'पाणबूडी'तला दुसरा उकार खोडून बाईंनी पहिला केला होता. 'नाहिसा' नीट केला होता. पुस्तकाचा चुकलेला पृष्ठांक बदलला होता. चौथ्या अर्थाला त्यांनी हातही लावला नव्हता. शेजारी फक्त 'बरोबर' अशी खूण होती.

"या माझ्या चिठ्ठ्या," काका म्हणाले.

"हो. तुमच्या डोळ्यांमुळे चुका व्हायला लागल्या होत्या. संपादकांनी मला ताडून बघायला सांगितलं. वर बसून केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

काकांनी चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा चौथा अर्थ का नाही खोडलास?"

"तो कसा खोडू, काका? लोक वापरतात. मी रोज ऐकते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. माझे कान तापले. काका वळले आणि माझा हात न धरता, भिंत चाचपत एकेक पायरी चढून गेले.

दुपारी त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि बाईंसमोरच सांगितलं, "ही तळघरात बसून माझ्या चुका निस्तरत होती. मी हिला नाव ठेवलं, आणि नावंही ठेवली." कुणी मान वर केली नाही. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो, हे मला तेव्हाही कबूल करता आलं नाही.

काकांनी संपादकांपुढे हात जोडले की चौथा अर्थ काढून टाका. संपादकांनी बाईंवर सोपवलं. बाई म्हणाल्या, कुणाला लाज वाटते म्हणून अर्थ गाळायला लागलो तर अर्धा कोश रिकामा होईल. तो अर्थ छापला गेला. मीच तो टंकला, एकही चूक न करता.

काकांनी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली आणि उरलेली दोन वर्षं खाली मान घालून काढली. बाईंशी ते फक्त कामापुरतं बोलत. त्या पुढे विभागप्रमुख झाल्या. नव्यानं लागलेली मंडळी त्यांना पाणबुडीबाई म्हणायची, तेही अगदी आदरानं. नाव कुठून आलं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

निवृत्तीनंतर काका कचेरीकडे फिरकले नाहीत. मीच एकदा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली आणि मी निघताना हळूच विचारलं, "तिला अजून तसं म्हणतात का रे?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.