राक्षसाचं माप

पडद्यावर राक्षस आला की आमचा भूतमामा घाबरायचा नाही, शिलाई धरलीय का ते बघायचा. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या शिंप्यांच्या घरात बाकी सगळे ब्लाऊज आणि सफारी शिवत. मामानं तरुणपणी स्वस्तातल्या कन्नड भयपटांसाठी राक्षस शिवले. स्पंज, गोणपाट, विगाचे केस आणि पाठीला चेन. ती चेन हमखास पडद्यावर दिसायची आणि आम्ही भाचरं त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

म्हातारपणी हे सिनेमे त्याला माझ्या मोबाइलवर सापडले. रविवारी दुपारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटमधल्या माझ्या घरून गेले की तो मला शेजारी बसवून घ्यायचा. म्हणायचा, "राक्षस कसा आला ते नको बघू. तो यायच्या आधी घरात कोण काय बोललं ते ऐक." एका सिनेमात विधवा नायिका हसली की तळ्यातून जनावर बाहेर यायचं. मला तो निव्वळ पांचटपणा वाटला होता. मामा म्हणाला, "तिला स्वतःच्या हसण्याची भीती वाटते. सांगणार कुणाला? म्हणून ते तळं." सहावी नापास माणूस हे सांगत होता आणि मानसशास्त्राची पदवी मिरवणारी मी तोंड उघडं टाकून ऐकत होते.

एक गोष्ट मात्र कळत नव्हती. गिऱ्हाइकाच्या मापात पाव इंच चुकला तर ज्याला जेवण जायचं नाही, त्या माणसाचे सगळे राक्षस खांद्यात ढगळ. आत शिरणारे नट कुरकुरायचे, दिग्दर्शक शिव्या घालायचा, तरी पुढचाही तसाच. एकदा मी त्यावरून चिडवलं, तर त्यानं मोबाइल बंद केला.

"स्वल्प थांब, सांगतो. ते माप अप्पांचं आहे."

अप्पा म्हणजे माझे आजोबा. हॉलमध्ये हार घातलेला फोटो आहे ते, अख्खी गल्ली ज्यांना देवमाणूस म्हणायची ते. दुकान बंद करून जिना चढताना त्यांच्या हातात कापड मोजायचा लोखंडी गज असायचा. तो घरात कशासाठी लागायचा, हे मामानं सदरा वर करून पाठच दाखवली तेव्हा मला कळलं. मी हादरले. त्या फोटोच्या पाया पडून मी प्रत्येक परीक्षेला गेले होते.

आईला विचारलं, तर म्हणाली, अप्पांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही, बाळूला लहानपणापासून काहीबाही रचायची खोड. बाळू म्हणजे मामाच. त्यानंतर सहा महिने ती भावाशी बोलली नाही. मामानं वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाला, "अक्कानं एकदा हो म्हणावं. मग मी गेलो तरी सरी, चालेल." त्याचे सिनेमे तर ती बघायचीच नाही. भंगार म्हणून उठून जायची.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेला. तेराव्याची जेवणं उरकल्यावर पोरांनी त्याची आठवण म्हणून एक सिनेमा टीव्हीवर लावला. आई तिथंच सुपारी कातरत बसली होती. पडद्यावर राक्षस धप्प धप्प जिना चढू लागला तशी पोरं खिदळली. आई उठून उभी राहिली. ओठांवर बोट ठेवून तिनं पोरांना गप्प केलं आणि माझं मनगट दुखेल इतकं घट्ट धरलं. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई कुजबुजली,

"अप्पा आले. बाळू कुठाय? त्याला आधी माळ्यावर चढव."