उपडे पेले

आमच्या आर्णीकडे भूकंप होतात, पण त्यांना भूकंप म्हणायला जीभ रेटत नाही. जमिनीच्या पोटात फार खोल काहीतरी सरकतं आणि वर येईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. चालणाऱ्याला ते कळतही नाही, बसलेल्याला-निजलेल्याला तेवढं जाणवतं. मग आम्ही अंगणात येतो, शेजाऱ्यांशी थोडं हसतो आणि चहा उतू गेला म्हणून आत पळतो.

आईने यावर स्वतःचं यंत्र काढलं होतं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर रिकामे डबे आणि प्रत्येक डब्यावर स्टीलचा एक पेला उपडा. जरा हाललं की पेले किणकिणायचे. "सरकारच्या आधी मले कळते," असं ती ऐटीत सांगायची. मी कोर्टातला कारकून, कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. तिची खूप थट्टा करायचो. तरी धक्का बसला की घरात पहिला प्रश्न तोच असायचा, पेले वाजले का?

त्या सोमवारी सकाळी पेले चांगलेच वाजले. भिंतीला चीर नाही, कौल सरकलं नाही. धक्का सौम्य होता, खोल होता, घाबरू नका, असं बातम्यांत सांगितलं. आम्ही घाबरलो नाहीच. उलट सगळ्या गावाला बोलायला विषय मिळाला. मला तर मजा वाटत होती, हे लिहितानाही लाज वाटते.

गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो. आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तिथूनच तिने हाक मारली, "अरे, पुन्हा हालून राह्यलं. बाहेर या."

तोंडाला साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो. ती तुळशीचा कट्टा घट्ट धरून उभी होती. मी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, बायकोला बाहेर बोलावलं आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, आता धक्का जाणवला का? लगेच उत्तरं आली. हो, हलका होता. हो, पलंग हालला. एकाने तर सोमवारपेक्षा मोठा होता म्हणून छातीठोकपणे लिहिलं.

बायको दारातूनच म्हणाली, "अहो, मी आतच होती. पेले नाई वाजले."

"कुकरच्या आवाजात तुले ऐकू नसन आलं," मी म्हणालो आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. "एवढे लोक काय खोटं बोलून राह्यले?"

खोटं कोणीच बोलत नव्हतं. सोमवारनंतर आम्हा सगळ्यांचंच असं झालं होतं, कोणी विचारलं की पायाखाली हालायचं.

आई म्हणाली, अजून हालतंच आहे. "थांबलं ते. तुह्या मनात बसलं," मी हसलो. दुसरा धक्का येईल, आत जायचं नाही, असं म्हणत मीच तिला अंगणात बसवून ठेवलं. चहा दिला तर उजव्या हातातली बशी कलली आणि चहा साडीवर सांडला. घाबरली असेल म्हणून मी साडी पुसली. असा पाऊण तास गेला. मग ती माझ्याकडे बघून चिडली, "तू काहून वाकडा उभा आहे? सरळ उभा राह्य ना." शब्द जड येत होते. मी सरळच उभा होतो.

यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डॉक्टरने विचारलं, केव्हा सुरू झालं? मी म्हणालो, भूकंप झाला तेव्हा. त्याने मान वर केली. "आज कुठं झाला भूकंप?" मेंदूचा रक्तपुरवठा अडला होता. बराच वेळ गेला, एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी कुठेच धक्का नोंदला गेला नव्हता, हे मी संध्याकाळी बघितलं. ग्रुपवर लिहिणारे नंतर फळं घेऊन भेटायला आले. मला त्यांचा भयंकर राग आला, पण बोलणार काय? घरात बायको खरं सांगत होती आणि मी मोबाइल वाचत होतो.

आई वाचली. उजवी बाजू आणि बोलणं गेलं. तिचा पलंग आता मधल्या खोलीत आहे, स्वयंपाकघरासमोर. ते पेले काढून टाकू, असं बायको म्हणाली तेव्हा आईने जोरात मान हलवली. मग ते तसेच राहिले.

परवा सकाळी मी कपडे वाळत घालायला मागे निघालो होतो. मला काहीच जाणवलं नाही, पण शेजारी ओरडत बाहेर पळाले. मी कपडे टाकून आईकडे धावलो. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तो वाकडा झाला का ते बघायला लागलो. तो तर आधीचाच वाकडा. "आई, हात उचल," मी ओरडत होतो, "हात उचलून दाखव मले."

तिने डावा हात उचलला, माझे हात तोंडावरून बाजूला केले आणि फळीकडे बोट दाखवलं. पेले वाजत होते.