वरून प्यायलेला जपानी चहा

जपानी चहा वरून पिऊ नये, हे मला आता माहीत आहे.

आमची पोरगी शीतल नगरच्या जपानी केंद्रात भाषा शिकते. तिथे चित्रकला असते, सिनेमे दाखवतात (मारामारी नसलेले, त्यामुळे झोप छान लागते) आणि दरसाल एका विद्यार्थ्याला शिकायला जपानला पाठवतात. यंदा निवड करायला तिकडच्याच एक बाई आल्या होत्या. शीतलचं लिहिणं मोत्यासारखं, पण बोलायची वेळ आली की तिची दातखीळ बसायची. त्यात बाईंसमोर चहाचा समारंभ ठरला आणि पाहुणे म्हणून पालकांना बोलावणं आलं. हे ऐकल्यावर पोरीने आधी मलाच तयार करायचं ठरवलं.

तिने गोठ्यात माझा सराव घेतला. गुडघे मुडपून बसायचं, वाडगा दोन्ही हातांनी धरायचा, थोडा फिरवायचा, बोलायचं नाही. माझं ते बसणं बघून आमची जर्सी गाय दूध चोरायला लागली. तरी मी शिकलो. जन्मभर डेअरीला दूध घालणारा माणूस मी, वाडगा धरायला काय अवघड!

कार्यक्रमाला मी पांढराशुभ्र शर्ट आणि लेंगा घालून गेलो. वडीलधारा म्हणून बाईंनी मला पहिल्या मानाच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. शीतलने हिरवा चहा घोटला, तोही पिठल्यासारखा दाट. वाडगा माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "आबा, याच वाडग्यातनं तुमच्यामागं बाई पिनार हायेत. थोडाच प्या."

इथे घोळ झाला. परदेशातून आलेल्या बाईंना माझं उष्टं? आमच्या पारनेर तालुक्यात चारचौघांत तांब्या फिरतो तेव्हा कुणी तो ओठाला लावत नाही. मी मान मागे टाकली, आ वासला आणि वाडगा वीतभर वर धरून तिरका केला. काही आलं नाही. आणखी तिरका केला. चहा बुडाला चिकटून बसला होता. मग मी वाडगा जरा हलवला. सगळा चहा एकदम आला, पण तोंडात नाही.

डोळे उघडले तर मिशीपासून लेंग्यापर्यंत मी हिरवागार. पळावं म्हटलं तर पायांना मुंग्या. उठलो तो थेट दुसऱ्या बाजूला बसलेल्या बायकोच्या अंगावर.

"अवो, बाईंसाटी घोटभर तरी ठिवायचा," ती म्हणाली.

शीतल पांढरीफटक पडली होती. बाईंनी तिला जपानीत काहीतरी विचारलं. मला वाटलं, संपलं, बापानेच पोरीचं वाटोळं केलं. रडूच यायला लागलं मला. आणि पोरगी बोलायला लागली, ती थांबेचना! हात उंच करून तिने तांब्या दाखवला, ओठ दाखवले, माझ्याकडे बोट केलं, सगळं जपानीत. बापाची अब्रू राखायची म्हटल्यावर दातखीळ कुठल्या कुठे पळाली. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग माझ्यापुढे जमिनीपर्यंत वाकल्या.

शीतलची निवड झाली. ती निघण्याआधी केंद्राने कौतुकाचा चहा ठेवला आणि मला पुन्हा पहिली जागा दिली. वाडगा पुढे येण्याआधी एकाने माझ्या गळ्याभोवती नीट घडी घातलेलं कापड गुंडाळलं. मला वाटलं, शाल आहे. मी उभा राहून सगळ्यांना नमस्कार केला आणि नारळाची वाट बघत बसलो.