राणी हलली नाही

डोळे गेले तसं घराबाहेर पडणं मी सोडलंच, कारण कुणाचा हात धरून चालणं आपल्याला जमत नाही. मग वाट दाखवायला राणी आली, शिकवलेली कुत्री. रविवारी बागेत आम्ही अशी कुत्री घेऊन चालणारी आंधळी माणसं जमतो. काल तिथं राणी मध्येच थांबली. मी दरडावलं, पट्टा ओढला, पण ती हलेना.

"अण्णा, डाफरू नका, पायानं चाचपून बघा," मागून आमच्यातलीच सुमनताई म्हणाली. चाचपलं तर पुढं खड्डा.

"आम्हीही सगळे आधी असंच ओढायचो," ती हसली.

हुकूम मोडणारं जनावर मी कधी दारात ठेवलं नसतं. पण जीव जपणं असंही असतं तर, आपलं न ऐकता. दोघंही हट्टी आहोत, निभेल. उद्या दूध आणायला सुनेला सांगणार नाही, आम्हीच जाऊ.