ओट्यावर टेकलेली कानबाई

कानबाईपुढे हात जोडून मी आईचं मरण मागितलं. घरात हे अजून कोणालाच माहीत नाही. श्रावणातल्या त्या रविवारी देवी नुकतीच बसली होती, घरभर नैवेद्याच्या रोटांचा वास होता आणि आतल्या खोलीत आई एकेक श्वास ओढून घेत होती. महिनाभर तिचं एकच म्हणणं होतं, "मन्हा रविवार काढी द्या." सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण खोटा होतो. पुढे एखाद्या वर्षी त्याच सणाच्या दिवशी घरात मूल किंवा गोठ्यात वासरू जन्मेपर्यंत तो पुन्हा करता येत नाही, असं आमच्याकडे पाळतात. आईला मरणाची भीती नव्हती. आपल्यामुळे कानबाई बंद पडेल, एवढीच धास्ती होती. मला सगळं ठाऊक होतं. तरी तिची तडफड बघवेना आणि मी देवीला म्हणालो, आता सोडव हिला. दिवेलागणीच्या आत आई गेली.

लग्न होऊन तापीकाठच्या प्रकाशा गावात आल्यापासून पार नव्वदीपर्यंत कानबाईचा नारळ आईनेच सजवला. काजळाचे डोळे, कुंकवाचे ओठ, नाकात नथ. पण दरवर्षी चेहरा वेगळा. बायका बघून सांगायच्या, यंदा देवी अमक्या लेकीसारखी दिसते. आणि ती लेक त्या साली काहीतरी सोसून आलेली असायची. माझी धाकटी बहीण विधवा झाली त्या वर्षी देवी हुबेहूब तिच्यासारखी दिसत होती. बहीण दिवसभर समोरून हलली नाही. रोटांचं दळण दळता दळता आई गाणी जोडायची. त्यांत देवीची स्तुती थोडी आणि आम्हा पोरांच्या आळसाची उणीदुणी फार. शेवटच्या वर्षी तिने अंथरुणावरूनच थरथरत्या बोटाने डोळे काढले. एक जरा वर गेला. पुसू का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तिले समजस."

ती गेल्यावर श्रावण नकोसा झाला. गेल्या वर्षी मी वेड्यासारखा हिंडून त्या रविवारच्या सुमारास विणारी गाय शोधून आणली. ती शुक्रवारीच व्यायली. काकू म्हणाली, "बापू, गायले काय कॅलेंडर वाचता येस?" सगळे हसले, मीही हसलो. मग गोठ्यात गेलो, तर त्या वासराकडे बघवेना. देवीने माझं एकदाच ऐकलं आणि नेमकं नको ते ऐकलं, हेच मनात येत राहिलं.

त्याच वर्षी, रविवार उलटून सोमवारी सकाळी विसर्जनाच्या मिरवणुका आमच्या दारावरून तापीकडे चालल्या होत्या. दार लोटून मी ओट्यावर बसलो होतो. एका घोळक्यातली अनोळखी बाई, डोक्यावर कानबाईचा पाट घेतलेली, समोर येऊन थांबली. तिची मान अवघडली होती. पाट जरा टेकवू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, इथे नको, आमचा सण खोटा झालाय. तिने ऐकून घेतलं आणि पाट टेकवलाच. मी पाणी आणून दिलं. पिता पिता तिने विचारलं, कोण गेलं? मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. काय मागितलं होतं तेसुद्धा.

तिने पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "मीबी मांगेल शे, भाऊ. मन्ही सासूसाठे." मग पाटाकडे वळून म्हणाली, "हात लाव."

आमच्याकडे हे काम बायकांचं. आयुष्यात पहिल्यांदा मी कानबाईचा पाट उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. घोळका गात गात घाटाकडे उतरला.

आमचा सण अजून बंदच आहे. मनावरचं उतरलं, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. आईचे ते श्वास मला अजून भर दुपारीही ऐकू येतात. त्या बाईचं गावही मी विचारलं नाही, पण तिची आठवण आली की डोळे भरतात. ज्या ओट्यावर मी देवीला टेकू देत नव्हतो, तिथे ती न बोलावता बसून गेली. माझं मागणं मात्र तेव्हापासून सुटलं. संध्याकाळी दिवा लावतो, हात जोडतो आणि काहीच म्हणत नाही.